दोन चौकोनांमधली जागा

(धर्मवचन स्पर्धेच्या संयोजन समितीस खुले पत्र)

माननीय अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

याच मजकुराचं पत्र मी तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या कार्यालयात नेऊन दिलं होतं. पोच मिळाली, तिच्यावर शिक्काही मारून मिळाला, उत्तर मात्र आलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. संस्थेचं नाव घालत नाही. पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असेल, आणि बाकीच्यांना नावाशी काही कर्तव्य नाही.

माझा संबंध आधी सांगते. अकरावी-बारावीच्या कला शाखेला मी एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. मार्क मिळतात म्हणून मुलं हा विषय घेतात आणि मार्क मिळाले की विसरून जातात; त्याबद्दल माझी तक्रार नाही. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं तुमच्या स्पर्धेचे पेपर तपासते. गीताजयंतीच्या आसपासचा रविवार, कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर अंथरलेली सतरंजी, एकादशी असो नसो साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी घरी जाताना हातात नारळ. हे सगळं मला आवडतं. स्पर्धेसाठी छापलेल्या वचनांच्या पुस्तिकेत गीतेच्या शेजारी बायबल, धम्मपद आणि तुकोबा बसलेले असतात, हेही आवडतं. घरचं माणूस तक्रार करतं, तशी ही तक्रार समजावी.

यंदा प्रवेश अर्जावर एक नवी ओळ आली. ‘मी धर्मवचनांवर श्रद्धा ठेवतो/ठेवते’ आणि पुढे एक चौकोन. ‘ठेवत नाही’ आणि पुढे दुसरा चौकोन. खाली कंसात, एकावरच खूण करावी. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आठवीतली एक मुलगी राहते. तिने दोन्ही चौकोन कोरे ठेवले आणि त्यांच्या मधल्या बोटभर जागेत निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलं, ‘अजून वाचते आहे’. अर्ज ‘अपूर्ण’ असा शिक्का घेऊन परत आला. वडील विचारायला गेले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की श्रद्धा असते किंवा नसते, तिसरं काही नसतं, आणि गीतेतच लिहिलंय, संशयात्मा विनश्यति, म्हणजे संशयी माणसाचा नाश होतो. वडील नोकरदार माणूस, रांगेत मागे दहा जण उभे. त्यांनी खिशातलं पेन काढून पहिल्या चौकोनात खूण केली आणि विषय मिटवला.

म्हणजे तुमच्या अर्जाने मुलीची श्रद्धा नोंदवलीच नाही. वडिलांची घाई नोंदवली.

मग पेपर झाला. प्रश्न चौदावा असा होता: “‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’ या वचनावरून सिद्ध होते की युद्धात उतरणाऱ्यापुढे दोनच शक्यता असतात. योग्य की अयोग्य?” मुलीने ‘अयोग्य’वर गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘अश्वत्थामा?’

पेपर माझ्याकडे आला तेव्हा कोणाचा ते मला माहीत नव्हतं, नाव झाकलेलं असतं. मी पूर्ण गुण दिले. एकतीस वर्षांत प्रतिउदाहरण एका शब्दात लिहिणारं पोर मी पाहिलं नव्हतं. फेरतपासणीत माझे गुण खोडले गेले आणि त्या शब्दाच्या शेजारी लाल शाईत ‘आगाऊपणा’ असं लिहिलं गेलं. आठवड्याने तपासनिसांना परिपत्रक आलं. त्यात म्हटलं आहे की धर्मग्रंथांतली ‘हे किंवा ते’ अशा रूपाची वचनं तर्कदृष्ट्या परिपूर्ण असल्याने त्यांवर शंका घेणारी उत्तरं ग्राह्य धरू नयेत, आणि ज्या तपासनिसांना हे मान्य नसेल त्यांनी पुढच्या वर्षी येऊ नये.

आता एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा तुमच्या ‘तर्कदृष्ट्या परिपूर्ण’ या शब्दांचा. वर्गात मी हे जेवणाच्या ताटावरून शिकवत असे. ‘ताटात भात आहे किंवा भात नाही’ हे वाक्य कधीच खोटं पडत नाही, ताट न बघताही खरं. ‘ताटात भात आहे किंवा पोळी आहे’ हे वाक्य मात्र ताट बघेपर्यंत खरं म्हणता येत नाही, कारण ताटात भाकरी असू शकते, दोन्ही असू शकतात, ताट रिकामंही असू शकतं. दोन्ही वाक्यांत ‘किंवा’ आहे म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत. पहिल्यातल्या जोडीला व्याघाती म्हणतात: एक खोटं की दुसरं खरंच. दुसऱ्या जोडीला आपण नुसतं शेजारी शेजारी बसवलेलं असतं.

हे पाश्चात्त्यांकडून आलेलं खूळ आहे असं समितीतले एक सदस्य म्हणाल्याचं ऐकलं. आपल्याच न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजली लिहिली, तीही ईश्वर आहे हे सिद्ध करण्यासाठी. तिच्यात एक कारिका आहे: ‘परस्परविरोधे हि न प्रकारान्तरस्थितिः’. दोन गोष्टी परस्परविरोधी असतील तर तिसऱ्या प्रकाराला जागा नसते. यातला सगळा जोर ‘परस्परविरोधे’वर आहे. आधी विरोध खरोखर पुरा आहे का ते तपासा, मग तिसऱ्याला हाकला. तुम्ही तिसऱ्याला आधी हाकललंत आणि तपासणी करणारीला ‘आगाऊ’ म्हणालात.

दुसरा मुद्दा त्या चौदाव्या प्रश्नाचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. मग हरून जिवंत राहिला तो कुठे गेला? शोधायला लांब जायला नको. अठरा दिवसांनी कौरवांच्या बाजूचे तिघे जिवंत उरले: अश्वत्थामा, कृपाचार्य, कृतवर्मा. मेले नाहीत, जिंकलेही नाहीत. हे वचन ऐकणारा अर्जुन स्वतः द्यूतातल्या हरण्यानंतर तेरा वर्षं जिवंत होता, बारा वनात आणि एक अज्ञातवासात. आणि गंमत म्हणजे ही शक्यता त्यानेच दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात मांडली आहे: ‘यद्वा जयेम यदि वा नो जयेयुः’, आम्ही जिंकू की ते आम्हाला जिंकतील, यातलं बरं कोणतं तेच कळत नाही. म्हणजे पराभव चर्चेत आलेला होता. सदतिसाव्या श्लोकात तो दिसत नाही, एवढंच.

मग श्रीकृष्णाचा तर्क चुकला का? मला तसं वाटत नाही, आणि इथेच तुमची पुस्तिका गीतेचं नुकसान करते असं माझं म्हणणं आहे. तुम्ही सदतिसावा श्लोक सुटा छापला आहे. त्याआधीच्या चार श्लोकांत लढाई सोडून जाण्याच्या शक्यतेचा विचार झालेला आहे. लोक अपकीर्ती गातील, संभावित माणसाला ती मरणाहून वाईट, वगैरे. आणि लगेच पुढचा श्लोक: ‘सुखदुःखे समे कृत्वा लाभालाभौ जयाजयौ’. जय आणि अजय. गाळलेला पराभव एका श्लोकात परत आला, तोही समान मानायला. आत्ता दाखवलेला स्वर्ग-पृथ्वीचा लाभ पुढच्याच श्वासात बाजूला ठेवायला सांगितला. सदतिसावा श्लोक शक्यतांची यादी करायला बसलेलाच नाही. तो खाली बसलेल्या माणसाला ‘उत्तिष्ठ’ म्हणतो. पोहायला घाबरणाऱ्या पोराला आई म्हणते, “पलीकडे पोचलास तर पेढे, नाही पोचलास तर हात मारायला तरी शिकशील.” नाकात पाणी जाण्याचं ती बोलत नाही. तिला पोराला पाण्यात उतरवायचं असतं. आईच्या त्या वाक्यावर ‘योग्य की अयोग्य’ असा प्रश्न काढायचा आणि वर ते परिपूर्ण म्हणायचं, यात आईचाही मान राहत नाही.

वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणाऱ्या मीमांसकांनी यासाठी नीट व्यवस्था लावून ठेवली आहे. वाक्य विधी (म्हणजे आज्ञा) सांगतं की स्तुती करून प्रवृत्त करतं, हे आधी ओळखायचं. दुसऱ्या प्रकाराला अर्थवाद म्हणायचं. अर्थवादाला हिशेबाच्या वहीत घेऊन बसायचं नसतं.

आणि गीतेत पुरा बांधलेला ‘किंवा’ हवाच असेल तर तो त्याच अध्यायात आहे. आत्मा नित्य आहे हे सांगून झाल्यावर सव्विसावा श्लोक म्हणतो, आणि समज, तो सतत जन्मतो, सतत मरतो असंच तू मानत असलास, ‘तथापि त्वं महाबाहो नैवं शोचितुमर्हसि’. नित्य मान की अनित्य मान, दोन्ही वाटांनी शोकाला जागा नाही. उभयतोपाशाचं, म्हणजे दोन्ही पर्यायांतून एकाच निष्कर्षाला नेणाऱ्या युक्तिवादाचं, एवढं स्वच्छ उदाहरण मला आमच्या पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं, मी वर्गात हेच वापरायची. तुमच्या शंभर वचनांत ते नाही.

तिसरा मुद्दा पुस्तिकेतल्या एकसष्टाव्या वचनाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, बाराव्या अध्यायातलं येशूचं वाक्य: जो माझ्या बाजूचा नाही तो माझ्या विरुद्ध आहे. खाली तुमची टीप, ‘तटस्थता म्हणजे विरोधच’. मार्कच्या नवव्या अध्यायात येशू उलट दिसणारं वाक्य बोलतो: जो आपल्या विरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा आहे. लूकने तर दोन्ही दिली आहेत, एक नवव्या अध्यायात, दुसरं अकराव्यात. कोणी म्हणतं, ही विसंगती. फळ्यावर मांडून बघा. ‘जो पास नाही तो नापास’ आणि ‘जो नापास नाही तो पास’. दोन्ही एकच विधान आहे, उलटून वाचलेलं. आणि एक एटीकेटीवाला वर्गात शिरला की दोन्ही एकदम पडतात.

पण विधान म्हणून एक असलेली ही वाक्यं वागणुकीत अगदी उलटी चालतात. मधल्या माणसाला पहिलं वाक्य शत्रूंत बसवतं, दुसरं मित्रांत. म्हणून कोणतं कुणाला उद्देशून म्हटलं हे बघावं लागतं. पहिलं म्हटलं तेव्हा समोर होते ते तटस्थ नव्हतेच, भुतांच्या सरदाराच्या बळावर हा भुतं काढतो असा उघड आरोप करणारे होते. दुसरं म्हटलं स्वतःच्या शिष्यांना. एक परका माणूस येशूच्या नावाने भुतं काढत होता; तो आपल्यातला नाही म्हणून शिष्यांनी त्याला मनाई केली होती. येशू म्हणाला, त्याला मनाई करू नका. आरोप करणाऱ्यांना सुनावलेलं वाक्य तुम्ही आठवीच्या मुलांना दिलंत आणि शिष्यांना सुनावलेलं गाळलंत. तुमच्या अर्जाच्या खिडकीशी जे घडलं ते यातल्या कोणत्या प्रसंगाशी जुळतं, ते समितीने ठरवावं.

तुकोबांबद्दल फार लिहीत नाही. ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी, नाठाळाचे माथी हाणू काठी’ (मूळ शब्द ‘कासेची’ नाही, हे पुणेकरांना सांगायला नको). भला आणि नाठाळ यांच्या मधे आपण सगळेच राहतो. तुकोबा शिरगणती करत नव्हते.

चौथा मुद्दा संशयात्म्याचा, कारण त्याच्या नावाने अर्ज परत आला. ‘अज्ञश्चाश्रद्दधानश्च संशयात्मा विनश्यति’ हा चौथ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक. त्याच अध्यायात सहा श्लोक आधी ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलं आहे: ‘प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया’. परिप्रश्न म्हणजे चहूबाजूंनी विचारणं. आणि अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर शेवटी काय म्हटलं? ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. अर्जुनाला जी सवलत रणांगणावर मिळाली ती आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला कार्यालयाच्या खिडकीत मिळू नये? न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थ मोजले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरा नंबर संशयाचा आहे. संशयच नसेल तर चौकशी सुरू कुठून करायची? ‘अजून वाचते आहे’ असं लिहिणारी मुलगी संशयात अडकून पडलेली नाही, ती वाटेत आहे.

बौद्धांच्या मज्झिम निकाय या पाली ग्रंथात अभय नावाच्या राजकुमाराची गोष्ट आहे. (फर्ग्युसनमध्ये धर्मानंद कोसंबी पाली शिकवत, तेव्हा ही गोष्ट या गावाला नवीन नसावी.) त्याला पढवून बुद्धाकडे पाठवलं जातं: विचार, तथागत (म्हणजे बुद्ध) कुणाला न रुचणारं बोलतात का? ‘हो’ म्हणाले तर मग सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय. ‘नाही’ म्हणाले तर संघात फूट पाडणाऱ्या देवदत्ताला कडू का बोललात? घशात लोखंडी काटा अडकावा तसा प्रश्न, गिळता येत नाही, थुंकता येत नाही. बुद्ध म्हणतो, याचं एकतर्फी उत्तर नाही. मग अभयच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाकडे बघून विचारतो, याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर तू काय करशील? काढीन, अभय म्हणतो. डाव्या हाताने डोकं धरीन, उजव्या हाताचं बोट वाकवून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण मला बाळाची दया येते. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शिंगांमधून सुटका झाली ती मांडीवरच्या बाळामुळे. तुमच्या पुस्तिकेत धम्मपदातली बारा वचनं आहेत, ही गोष्ट नाही. जैनांचा स्याद्वादही नाही, ज्यात एका विधानाला ‘कोणत्या अपेक्षेने’ असं विचारून सात तऱ्हांनी पाहतात.

समितीतून राजीनामा दिलेल्या एका सदस्यांचा मला फोन आला होता. ते खुशीत होते. “बघा बाई, म्हणूनच म्हणतो, सगळे ग्रंथ बाद.” त्यांनाही मी तेच सांगितलं, सगळं परिपूर्ण किंवा सगळं बाद हे दोन चौकोन मला तुमच्याकडूनही नकोत. सव्विसावा श्लोक टिकतो. सदतिसावा यादी म्हणून टिकत नाही, हाक म्हणून टिकतो. एकसष्टावं वचन प्रसंगाशिवाय टिकत नाही. एकेक घेऊन बघावं लागतं, त्याला इलाज नाही. फोन जरा लवकर संपला.

शेवटची तक्रार लाल शाईची. आपल्याच गावात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. देशभरची हस्तलिखितं ताडून बघितली, आणि जो पाठ मुख्य मजकुरात घेतला नाही तोही फेकला नाही, पानाच्या तळाशी छापला. विद्वानांच्या पिढ्या त्या तळटिपांत गेल्या. त्याच गावात, त्याच महाभारतातलं एक नाव एका मुलीने समासात लिहिलं, तर तिला ‘आगाऊपणा’ मिळाला. याचं मला वाईट वाटलं, रागापेक्षा जास्त.

आता मागण्या. अर्जावरची चौकोनांची ओळ काढून टाका; श्रद्धेची नोंद हवीच असेल तर एक रिकामी ओळ ठेवा, मुलं लिहितील. चौदावा प्रश्न रद्द करा किंवा ‘अयोग्य’ लिहिणाऱ्या सगळ्यांना गुण द्या, एकट्या या मुलीला नव्हे. तो लाल शेरा खोडून, खोडल्याची सही करून, उत्तरपत्रिका तिला परत द्या. परिपत्रक मागे घ्या. पुढच्या पुस्तिकेत प्रत्येक ‘हे किंवा ते’ वचनाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर, आणि ते कोणाला उद्देशून आहे तेवढी एक ओळ, छापा. पानं वाढतील, खर्चाचा काही भाग मी देईन. मला पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही हा तुमचा प्रश्न आहे, त्याची मागणी करत नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी कार्यालयात येणार आहे. ती मुलगी बरोबर असेल. तिने आत्ताच सांगून ठेवलंय की तिला महाभारतातल्या रुक्मीबद्दल, रुक्मिणीच्या भावाबद्दल, विचारायचं आहे. तो युद्धात मदत द्यायला आधी पांडवांकडे गेला, मग कौरवांकडे गेला, आणि दोघांनीही त्याला परत पाठवलं. त्याचा चौकोन कोणता, असा तिचा प्रश्न आहे. मी उत्तर सांगितलेलं नाही. तेवढी तयारी असू द्यावी.

आपली,
तर्कशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे ३०